पॅच (कोडमधली दुरुस्ती) पाठवून पाच आठवडे झाले, साधी पोचही नाही. मदत हवी आहे

साकवावरून (डिचोली)
सरळ मुद्द्यावर येतो. एका मुक्तस्रोत प्रकल्पात वर्षभर फावल्या वेळात काम करतोय. आधीच्या तीन पुल रिक्वेस्ट (माझा बदल आत घ्या, अशी विनंती) दोन-दोन दिवसांत आत गेल्या. चौथी, खरी मेहनतीची, पाच आठवडे लोंबकळतेय. तीनदा आठवण केली, कोणी हूं की चूं करत नाही. पुढच्या महिन्यात पर्वरीला मुलाखत आहे. तोवर कमिटचे हक्क (स्वतः थेट बदल घालायची परवानगी) मिळाले तर बायोडेटावर घालता येईल. हक्क मागायचे कसे? मुख्य माणसाला थेट ईमेल टाकू का?

जुना_कर्नल
कोणता प्रकल्प? बदल कशाचा? किती ओळी? आपोआप चालणाऱ्या तपासण्या हिरव्या, म्हणजे पास, आहेत का? आधी इश्यू (प्रकल्पाच्या पानावर चुकीची नोंद) उघडून विचारलं होतंस का? वैद्याकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणून बसलायस.

साकवावरून
नाव नको, ती माणसं इथे वाचत असतील. ई-पुस्तकं वाचायचा प्रोग्राम आहे. मराठी पुस्तकात शोध नीट चालत नाही, ते दुरुस्त केलंय. बदल छोटासाच. एक तपासणी लाल आहे, पण ती माझ्यामुळे नाही. इश्यू वगैरे नाही उघडला, चूक तर उघड दिसतेय! आधीच्या तीन म्हणजे माहितीपानातल्या स्पेलिंगच्या चुका.

सांजांव_२४
कोड सोड रे, भाषांतरात ये. फायरफॉक्सचं पोंटून नावाच्या साइटवर चालतं, ब्राउझरमध्ये बसून वाक्यं भरायची, काही इन्स्टॉल करायला नको. नाहीतर कोंकणी विकिपीडियावर लिही, २०१५ पासून आहे, लिहिणारे कमी.

फुकट_नको
भाषांतर करा, कोड करा, सगळं फुकट. २०१४ ला हार्टब्लीड ही सुरक्षेतली चूक निघाली तेव्हा कळलं, अर्धं इंटरनेट ज्या ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्या सॉफ्टवेअरवर उभं होतं ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं सांभाळत होती. कंपन्या कमावतात, आपण रात्री जागतो. त्यापेक्षा मुलाखतीची तयारी कर.

साकवावरून
मी पैसे मागितलेच नाहीत. कमिटच्या हक्कांचं कोणी सांगेल का?

जुना_कर्नल
सांगतो, आवडणार नाही. २०२४ मधलं एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचं प्रकरण वाच. एकटा थकलेला माणूस प्रकल्प सांभाळत होता. अनोळखी लोक 'पॅच का घेत नाही, दुसऱ्याला हक्क दे' म्हणून मागे लागले. शेवटी दिले. ज्याला दिले त्याने दोनेक वर्षं नीट काम करून मग चोरदरवाजा घुसवला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे एका अभियंत्याला खटकलं म्हणून सापडलं. आता तीनदा आठवण करून चौथ्यांदा हक्क मागणारा माणूस त्यांना कसा दिसेल, तूच सांग. तो ईमेल टाकू नकोस.

दामूचा_नातू
लॅपटॉपला रॅम किती आहे? आठ जीबी असेल तर बिल्डला (कोडपासून प्रोग्राम बनवायला) त्रास होतोच. मी एसएसडी घातली, फरक पडला.

म्हापशेकरीण
रॅमचा काय संबंध, दादा? साकवावरून, शोध नीट चालत नाही म्हणजे नेमकं काय? एक शब्द दे.

साकवावरून
'पायऱ्या'. पुस्तकात डोळ्यांसमोर दिसतोय, पण शोधला की शून्य. मी इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे दाबून ऱ टाइप करतो. पुस्तकात तोच शब्द साधा र, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह), मग या असा साठवलाय. दिसायला सारखे, आत वेगळे. म्हणून शोधण्याआधी मी दोन्हीकडचे जॉइनर काढतो आणि ऱ चा र करतो. चार ओळी. आता सापडतो.

कोड_आणि_काजू
यूनिकोड नॉर्मलायझेशन (वेगवेगळं साठवलेलं तेच अक्षर एका रूपात आणणं) लाव, एका ओळीत काम.

म्हापशेकरीण
नाही होत. र आणि खाली नुक्ता (टिंब) असेल तर एनएफसी या नॉर्मलायझेशनने त्याचा ऱ होतो, बरोबर. पण जॉइनरला ते हात लावत नाही. करून बघा.

आणि साकवावरून, तुझा उपाय चुकलाय. जॉइनर काढला आणि ऱ चा र केला की 'दऱ्या' आणि 'दर्या' एकच झाले. डोंगरातल्या दऱ्या शोधणाऱ्याला मिरामारचा दर्या सापडणार. 'आचाऱ्यास' शोधलं की 'आचार्यास' येणार, म्हणजे स्वयंपाकीही गेला आणि गुरुजीही गेले. उलटं कर: र, हलन्त, जॉइनर दिसलं की त्याचा ऱ आणि हलन्त कर. बाकीच्या जॉइनरचं वेगळं बघू.

सांजांव_२४
मालवणीत 'दर्या' म्हणतात ना?

फुकट_नको
कोंकणीतही म्हणतात. धागा भरकटतोय.

जुना_कर्नल
चार ओळी म्हणतोस ना? मग पुल रिक्वेस्टच्या पानावर किती बदल दिसतात?

साकवावरून
... १,८४६. तीन फाइल्स. मी नाही केले हे!

जुना_कर्नल
तुझ्या एडिटरने केले. विंडोजवर आहेस, त्याने ओळींची शेवटं (ओळ संपल्याची न दिसणारी खूण) बदलली, म्हणून प्रत्येक ओळ नवीन दिसते. गिट डिफ या फरक दाखवणाऱ्या कमांडला डॅश डब्ल्यू लावून बघ, चारच उरतील. आणि ती लाल तपासणी, पैज लावतो, नेमकी हेच ओरडत असणार. परीक्षण करणाऱ्याने १,८४६ ओळी बघून खिडकी बंद केली, मीही केली असती. पण दोन शब्द लिहायला हवे होते त्याने, हेही खरं.

साकवावरून
लाल तपासणी उघडून बघितली. 'ओळींची शेवटं' असंच लिहिलंय. पाच आठवडे समोर होतं.

म्हापशेकरीण
होतं सगळ्यांचं. मी पहिलं दीड वर्ष कोडच दिला नाही. लिबरऑफिसच्या बगझिलावर (चुकांच्या नोंदवहीत) 'अनकन्फर्म्ड', म्हणजे कोणी पडताळून न पाहिलेल्या, तक्रारी असतात, रोज रात्री जेवल्यावर दोन घ्यायच्या, आपल्या मशीनवर तसंच होतं का बघायचं, पायऱ्या लिहायच्या (तुझ्या नव्हे, कृतीच्या). पुढे बायबिसेक्ट शिकले. तयार बिल्डच्या साठ्यात अर्ध्या-अर्ध्याने मागे जात कोणत्या बदलाने मोडलं ते शोधायचं. तक्रारीखाली नेमका कमिट लिहिला की तो करणारा स्वतः येऊन बोलतो. ओळख तिथे झाली, हक्क मागावे लागले नाहीत. तुझ्या प्रकल्पातही दुसऱ्यांच्या पुल रिक्वेस्ट पडून असतील, दोन चालवून बघ आणि काय झालं ते लिही.

फुकट_नको
दीड वर्ष! फुकट!

म्हापशेकरीण
हो, फुकट. तुम्ही इथे किती वर्षं लिहिताय?

साकवावरून (नऊ दिवसांनी)
नवीन बदल टाकला, एकोणीस ओळी, त्यात टेस्ट. दर्या, दऱ्या, आचार्यास, आचाऱ्यास चारही घातले. आधी इश्यूही उघडला. काल एकाने विचारलं, नेपाळीत ऱ असाच वापरतात का, हा नियम सगळ्या देवनागरीला लावायचा की फक्त मराठीला? मला माहीत नाही. कोणाला नेपाळी येतं का? आणि जुनी रिक्वेस्ट बंद करू की तशीच राहू दे?

जुना_कर्नल
बंद कर, नव्याचा दुवा देऊन. नेपाळीचं त्यांनाच सांग की माहीत नाही.

दामूचा_नातू
माझ्या शेजारी नेपाळी कुटुंब आहे, संध्याकाळी विचारतो.