शब्दचर्चा: ‘शाश्वत’, ‘टिकाऊ’ आणि बहु-, आंतर-, पार-
(चर्चेतल्या सदस्यांची टोपणनावे: तळटीप, औदुंबर, पाणचक्की, शब्दखूण)

तळटीप
विद्यापीठाच्या एका सत्राचा आराखडा मराठीत लिहायचा आहे. वेगवेगळ्या विषयांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून सस्टेनेबिलिटीचे प्रश्न हाताळायचे, असा अभ्यासक्रम आहे. सस्टेनेबलला ‘शाश्वत’ म्हणावे की ‘टिकाऊ’? आणि बहुविद्याशाखीय, आंतरविद्याशाखीय, पारविद्याशाखीय हे शब्द एकमेकांऐवजी वापरले तर चालतील का?

औदुंबर
शीर्षकात ‘शाश्वत’च ठेवा, तो रुळला आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली स्वीकारलेली विकासाची १७ उद्दिष्टेही मराठीत याच शब्दाने ओळखली जातात. मात्र पहिल्याच तासाला त्याची फोड करा. ‘शाश्वत’चा मूळ अर्थ कायमचा, न बदलणारा. सस्टेनेबलमध्ये स्थिरता अभिप्रेत नाही. झीज आणि भर यांचा मेळ बसल्यामुळे चालू राहणे अभिप्रेत आहे. ही कल्पना आली वनशास्त्रातून. जर्मनीतल्या सॅक्सनीचा खाणप्रशासक हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ याने १७१३ साली ती मांडली, कारण खाणींना आणि भट्ट्यांना लागणारे लाकूड संपत चालले होते.

‘टिकाऊ’ हा वस्तूचा गुण. प्लास्टिकची पिशवी टिकाऊ असते, आणि नेमकी म्हणूनच तिचा वापर शाश्वत नसतो. हे एक उदाहरण दिले की दोन शब्दांची गल्लत होत नाही.

पाणचक्की
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठाम ‘नाही’. चार विषयांचे विद्यार्थी चार प्रकरणे लिहून एकत्र बांधतात, ते बहुविद्याशाखीय. एकाच्या उत्तरामुळे दुसऱ्याला आपले गृहीतक बदलावे लागते, तेव्हा ते आंतरविद्याशाखीय. आणि ज्यांना प्रश्नाची झळ बसते ते विद्यापीठाबाहेरचे लोक प्रश्न ठरवण्यापासूनच सोबत असतील, तर पारविद्याशाखीय. (‘पार’चा हा अर्थ सगळे मानत नाहीत. काही जण विषयांच्या सीमा ओलांडणाऱ्या एका समान चौकटीलाच ‘पार’ म्हणतात. आराखड्यात तुमचा अर्थ लिहून टाका.)

पारख सोपी आहे. अहवालातले एक प्रकरण काढून पाहा. बाकीची जशीच्या तशी उभी राहिली, तर काम बहुविद्याशाखीयच झाले आहे. बहुतेक अभ्यासक्रम इथेच अडकतात: दोन शिक्षक आळीपाळीने तास घेतात, दुसऱ्याच्या तासाला थांबत नाहीत, आणि जोडणीचे सगळे काम शेवटच्या आठवड्यात विद्यार्थ्यांच्या गळ्यात पडते.

शब्दखूण
माझ्या मते खरी शब्दचर्चा शीर्षकात नाही, वर्गात व्हायला हवी. विद्यार्थी अडतात ते अनोळखी शब्दांवर नाही, ओळखीच्या शब्दांवर. चौदा आठवड्यांचे सत्र असेल तर पहिले दोन यालाच द्या. चार-पाच जणांचा गट, किमान तीन विषयांचा. दहा शब्द द्या: मागणी, तोटा, मूल्य, जोखीम, क्षमता, कार्यक्षमता, सीमा, समतोल, गरज, भविष्य. प्रत्येकाने एकमेकांचे न बघता दोन ओळींत अर्थ लिहायचा आणि मोजण्याचे एकक द्यायचे. एकक मागितल्याशिवाय मतभेद वर येत नाहीत, गुळगुळीत व्याख्यांवर सगळे माना डोलावतात.

पाणीपुरवठ्यातला ‘तोटा’ घ्या. १,००० घनमीटर पाणी सोडले, ७०० चे बिल झाले, तोटा ३००. समजा त्यातले १८० गळतीचे आणि १२० बिनपरवाना जोडण्या व मंद मीटरचे. अभियंत्याच्या मनात ३०० म्हणजे फुटके पाइप. पण १८० चे मोल पाणी शुद्ध करून उचलण्याच्या खर्चाने होते, तर १२० चे विक्रीदराने, कारण ते पाणी कोणीतरी वापरले आहे, पैसे तेवढे आले नाहीत. लेखाशास्त्राच्या विद्यार्थ्याने हे दाखवले की दुरुस्तीचा क्रम बदलू शकतो. मग समाजशास्त्राचा विद्यार्थी विचारतो: घराची कागदपत्रे नाहीत म्हणून ज्यांना जोडणी मागताच येत नाही, त्यांच्या वापराला ‘चोरी’ म्हणायचे का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तेवढा भाग ‘तोटा’ या रकान्यातून निघून ‘न भागलेली मागणी’ या रकान्यात जातो. आकडे तेच, उपाय वेगळा. इथे ‘आंतर’ सुरू झाले.

‘भविष्य’चेही तसेच. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने १९८७ साली दिलेल्या ब्रुंटलँड अहवालातली शाश्वत विकासाची व्याख्या भावी पिढ्यांच्या गरजांबद्दल बोलते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी मात्र ५० वर्षांनंतरच्या १,००० रुपयांना दरसाल ५ टक्के वटाव (पुढच्या रकमेचे आजचे मोल काढताना करायची घट) लावून आज ८७ रुपयेच धरतो. दर २ टक्के धरला तर सुमारे ३७२. दर कोणता धरायचा हे अंकगणित ठरवत नाही, म्हणून कोणी, का निवडला ते नोंदवायला लावा.

शब्दांचे अर्थ, एकके आणि अशा निवडी यांची ही नोंदवही सत्रभर चालू ठेवा आणि तिला वैयक्तिक गुण द्या. फक्त गटाला गुण दिले, तर ज्याच्या हाती आकडेमोड तोच गट चालवतो आणि बाकीचे मुद्रितशोधन करतात.

औदुंबर
एक भर. १९७३ साली होर्स्ट रिट्टेल आणि मेल्विन वेबर या अभ्यासकांनी नियोजनातल्या ज्या प्रश्नांना ‘विकेड प्रॉब्लेम’ म्हटले, त्याचे ‘दुष्ट समस्या’ असे भाषांतर करू नका. काम कुठे थांबवायचे हे जिथे प्रश्नातून कळत नाही, आणि प्रश्नाची मांडणीच उपायावर अवलंबून असते, असा तो अर्थ आहे. मराठीत ‘तिढा’ आहे की! एक पीळ सोडवताना दुसरा आवळतो, हे त्यात आपसूक येते.

तळटीप
‘तिढा’ घेतो. पारविद्याशाखीय म्हणायचे तर बाहेरच्या लोकांना कितव्या आठवड्यात बोलवावे?

पाणचक्की
प्रश्न कागदावर पक्का होण्याआधी, म्हणजे फार तर तिसऱ्या आठवड्यात. दहाव्या आठवड्यात सादरीकरणाला बोलावले तर ते श्रोते ठरतात. तेवढेच जमणार असेल तर ‘आंतर’ लिहा, ‘पार’ लिहू नका.

शब्दखूण
आणि लेखनाचे: आंतरविद्याशाखीय हा सलग एकच शब्द, ‘आं’ला काना. ‘आंतरराष्ट्रीय’सारखाच. मधे जोडरेघ नको.