मदत हवी आहे: खिशातलं .३२ पिस्तूल दर मॅगझिनला अडकतंय

मंडळी, तीन आठवडे स्वतःच डोकं खपवलं, आता तुम्हालाच विचारतो.

माझ्याकडे ७.६५ मिमीचं, म्हणजे .३२ चं छोटं पिस्तूल आहे. साधं ब्लोबॅक (झाडल्याच्या दाबानेच स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, मागे जातो), ७ राउंडचं म्हणजे काडतुसांचं मॅगझिन. रेंजवर वर्षभर कुरकुर नव्हती. आता दर मॅगझिनला एकदा तरी अडकतंच. कधी स्लाइड पूर्ण पुढे येत नाही, दोनेक मिलिमीटर मागे राहते, मागून अंगठ्याने ढकलली की बसते. कधी रिकामी केस (काडतुसाचं नळकांडं) बाहेर पडायच्या खिडकीतच उभी अडकते. तिसरा प्रकार सगळ्यात वैतागवाणा: स्लाइड पुढे येते आणि वरच्या काडतुसावर आपटून थांबते, काडतूस जागचं हलत नाही. मॅगझिन काढून पाहिलं तर ते नाक खाली घालून बसलेलं. बोटाने पुढे ढकललं, तरी हटेना.

भरपूर तेल घातलं. रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला पुढे आणणारी) नवी बसवून घेतली. फरक शून्य. आता फीड रॅम्प (काडतूस ज्या उतारावरून नळीत चढतं तो) घासून आरशासारखा करावा म्हणतोय. किती घासायचा असतो?

खटका: अजिबात घासायचा नाही. घासायचं मशीन हातात असेल तर आधी खाली ठेवा. रॅम्पवर बोटाचं नख फिरवा, नख कुठे अडकत नसेल तर त्याचा काही दोष नाही. घासताना कोन बदलला किंवा चेंबरची (नळीतल्या काडतुसाच्या जागेची) खालची कड पुढे सरकली, तर काडतुसाच्या बुडाला तिथे आधार राहत नाही आणि केस फुगते. गेलेलं लोखंड परत येत नाही हो. आता सांगा: मॅगझिनं किती? तिन्ही भानगडी सगळ्यांत होतात का? राउंड कुठले?

मूळ प्रश्नकर्ता: मॅगझिनं दोन, दिसायला सारखी, कुठल्यात काय होतं ते पाहिलं नाही. राउंड आधी साधे गोल नाकाचे होते, दोन महिन्यांपासून हॉलो पॉइंट (गोळीच्या टोकाला खड्डा असलेले). आणि हो, पिस्तूल रोज पँटच्या खिशात असतं, पाउच वगैरे काही नाही.

मनगटबहाद्दर: खिडकीत केस अडकते त्याला बहुतेक तुमचं मनगट जबाबदार. एवढंसं पिस्तूल, दोनच बोटं मुठीवर बसतात. हात ढिला राहिला की झटक्याबरोबर सगळं पिस्तूलच मागे जातं आणि स्लाइडला पूर्ण मागे जायला जोर उरत नाही. अंगठा स्लाइडला घासत नाही ना, तेही बघा. दुसऱ्या कुणाला पाच-सहा राउंड झाडायला द्या, त्याच्या हातात चाललं तर उत्तर मिळालं.

जुनं लोखंड: तिसऱ्या प्रकाराचं नाव रिमलॉक. .३२ चं हे जुनंच दुखणं. शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगने १८९९ मध्ये हे काडतूस आणलं तेव्हा त्याच्या बुडाला किंचित उठावाची रिम, म्हणजे कड, ठेवली: अंग साधारण ८.५ मिमी, रिम ९.१. मॅगझिन भरताना प्रत्येक वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिमपुढे बसायला हवी. मॅगझिनची लांबी गोल नाकाच्या, साधारण २५ मिमीच्या राउंडच्या हिशेबाने असते. हॉलो पॉइंट त्याहून एक-दीड मिलिमीटर आखूड, म्हणजे आत तेवढी फट राहते. झटक्याने काडतुसं पुढेमागे सरकतात, वरची रिम खालचीच्या मागे उतरते आणि मग तिला पुढे जायला वाटच नसते. बोटाने ढकलून का हटेना, ते कळलं ना? (१९०८ च्या .३८० काडतुसाचं पिस्तूल घेतलं असतं तर रिमच बाहेर नसल्याने हा त्रासच नव्हता. असो.)

गोल नाकाचे, पूर्ण लांबीचे राउंड वापरून बघा. तेवढ्याने तिसरा प्रकार गेला पाहिजे.

आणि खिशात उघडं पिस्तूल आणि वर भरपूर तेल? सुती धागे, धूळ आणि तेल मिळून मस्त लगदा होतो. तो एक्स्ट्रॅक्टरच्या (केस बाहेर ओढणाऱ्या) आकड्याखाली बसला की काडतुसाची रिम वर सरकत नाही, आणि स्लाइड शेवटचे दोन मिलिमीटर जात नाही. मॅगझिन काढा, चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासा, मग आकड्याखाली लाकडी टूथपिक फिरवा. चेंबरही ब्रशने साफ करा. तेल स्लाइडच्या रुळांवर एकेक थेंब, मॅगझिनच्या आत शून्य.

खटका: मॅगझिनांवर रंगाने १ आणि २ लिहा. आणि एकच राउंड पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये चढवत असाल तर त्याची लांबी ताज्या राउंडशी ताडून बघा. गोळी केसमध्ये आत दबलेली दिसली तर तो राउंड झाडू नका, दाब भलताच वाढतो.

मूळ प्रश्नकर्ता: आज रेंजवर जाऊन आलो. आकड्याखालून निघालेला लगदा मसुराच्या डाळीएवढा होता, निळा, माझ्या जीनच्या रंगाचा. गोल नाकाचे ५६ राउंड झाडले, दोन्ही मॅगझिनांत निम्मे निम्मे. मूठ आवळून धरल्यावर केस एकदाही अडकली नाही. १ नंबर: सगळं सुरळीत. २ नंबर: शेवटचा राउंड तीनदा रॅम्पवर नाक आपटून थांबला. रिमलॉक नव्हे, खाली दुसरं काडतूसच नव्हतं.

जुनं लोखंड: मग मॅगझिनची स्प्रिंग. शेवटच्या राउंडला तिचा जोर सगळ्यात कमी असतो. २ नंबर उघडून १ नंबरच्या शेजारी ठेवा. लांबीत फरक आहे का बघा, मॅगझिनचे ओठही (वरच्या वळलेल्या कडा) ताडून पाहा.

मूळ प्रश्नकर्ता: उघडलं. ओठ ठीक, लांबी सारखी. पण १ नंबरमध्ये स्प्रिंगचं वर आलेलं टोक पुढच्या बाजूला आहे, २ नंबरमध्ये मागच्या. दोन महिन्यांपूर्वी मॅगझिन मीच उघडून साफ केलं होतं. बंद करताना फोनवर बोलत होतो, तेही आता आठवलं. फिरवून बसवली, नकली काडतुसं घालून वीस वेळा हाताने स्लाइड ओढली, वीसही वेळा शेवटचं सरळ आत गेलं. रविवारी खऱ्या राउंडनी बघतो.

खटका: आणि तुम्ही रॅम्प घासायला निघाला होता!