शब्दचर्चा : खनिजांचा ‘घसारा’ की ‘घट’?

विचारणा : राष्ट्रीय उत्पन्नावरील एका लेखाचे भाषांतर करताना, खाणीतील साठा संपत जाण्याने देशाला जी किंमत मोजावी लागते तिला मी ‘खनिजांचा घसारा’ असे म्हटले. संपादकांनी त्या शब्दाखाली रेघ मारली आहे. येथे ‘घसारा’ का चालत नाही, आणि त्याऐवजी काय लिहावे?

प्रतिसाद १ : संपादकांची हरकत रास्त आहे. घसारा यंत्राचा किंवा इमारतीचा असतो. वस्तू जागेवर राहून वापराने झिजते आणि पुढे तिच्या जागी नवी घेता यावी म्हणून हिशेबात दरवर्षी काही रक्कम वजा करतात. गोव्यात डिचोली किंवा सांग्याच्या खाणीवरून माल वाहणारा ट्रक झिजतो. पण त्याच ट्रकमधून धक्क्यावर उतरून, बार्जने मांडवी किंवा जुवारी नदीतून मुरगाव बंदराकडे गेलेले लोहखनिज झिजत नाही, ते कायमचे जाते, आणि त्याच्या बदली दुसरे आणून डोंगरात भरता येत नाही.

वर्षभरात जमिनीतून काढलेल्या टनांना ‘उपसा’ म्हणावे (वाळूच्या आणि भूजलाच्या संदर्भात हा शब्द आपण रोज वापरतोच), साठा जितका कमी झाला त्याला ‘घट’, आणि त्या घटीच्या पैशातल्या किमतीला ‘घटमूल्य’. हा शेवटचा शब्द रूढ नाही, पण अर्थ चटकन कळतो. विक्रीची रक्कम म्हणजे घटमूल्य नव्हे, हे मात्र लेखात स्पष्ट यायला हवे. अर्थतज्ज्ञ सालाह एल सेराफी यांच्या रीतीने, खर्च वजा जाता खाणीतून दरवर्षी १०० रुपये सुटत असतील, साठा १० वर्षे पुरणार असेल आणि व्याजदर ५ टक्के धरला, तर त्यांतले सुमारे ५८ रुपये मुद्दल, म्हणजेच घटमूल्य, ठरतात (ते गुंतवत गेले तर साठा संपल्यावरही उरलेल्या रकमेइतके उत्पन्न चालू राहते) आणि उरलेले ४२ खरे उत्पन्न. साठा ४० वर्षांचा असेल, तर मुद्दलाचा वाटा सुमारे १४ रुपयांवर येतो. संयुक्त राष्ट्रांच्या २००८च्या राष्ट्रीय लेखापद्धतीत निव्वळ उत्पन्न काढताना यंत्रांचा घसारा वजा होई, खनिजांची घट होत नसे. २०२५मध्ये स्वीकारलेल्या पद्धतीत ती उत्पादनाचा खर्च मानली आहे.

प्रतिसाद २ : ‘मुद्दल’ हा शब्द लेखात अवश्य ठेवावा. अडचणीत घरातले सोने मोडले, तर हाती आलेल्या पैशाला आपण कमाई म्हणत नाही. खनिज विकणाऱ्या राज्याची स्थिती तीच असते. सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४च्या निकालात गोव्यातील लोहखनिजाच्या विक्रीतून १० टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत ठेवण्यास सांगितले, तेही पुढच्या पिढ्यांचा विचार करूनच. ‘स्वामित्वधन’ (रॉयल्टी) मात्र घटमूल्याच्या अर्थाने वापरू नये. ती सरकारने ठरवलेल्या दराने मिळणारी रक्कम असते, आणि गेलेल्या साठ्याच्या किमतीशी ती जुळेलच असे नाही.

आणखी एक. सरकारी अहवालांत ‘खनिज उत्पादन’ हा प्रयोग इतका रुळला आहे की तो बदलणे अवघड आहे, तरीही जेथे विषयच घटीचा आहे तेथे ‘उत्खनन’ लिहावे, कारण ते खनिज कोणी तयार केलेले नसते.

विचारणा करणारे : आभारी आहे. वाक्य आता असे केले आहे : ‘वर्षभराच्या उपशामुळे साठ्यात झालेल्या घटीचे मूल्य वजा केल्याशिवाय खाणीचे निव्वळ उत्पन्न सांगता येत नाही.’