पूडल क्रॉस घ्यावा का? नवऱ्याला ॲलर्जी आहे

शेवटचं_बाकडं

नमस्कार मंडळी,
लेक नऊ वर्षांची आहे. तीन वर्षं झाली, 'कुत्रा आण' म्हणून डोकं खातेय. नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी आहे. मित्राच्या लॅब्रेडॉरजवळ दहा मिनिटं बसला की आधी डोळे लाल, मग शिंका, आणि रात्री छातीत घरघर. म्हणून आमच्याकडे हा विषयच बंद होता.

आता लेकीनं कुठूनसं शोधून आणलंय, की पूडल क्रॉसचे, म्हणजे कुरळ्या केसांचा पूडल आणि दुसऱ्या जातीचा कुत्रा यांच्या पिल्लांचे, केस गळत नाहीत आणि ॲलर्जीही होत नाही. एका ब्रीडरशी फोनवर बोलले. लॅब्राडूडल आहे, एफ१बी आहे, 'शंभर टक्के ॲलर्जी-फ्री', मुलांत लगेच मिसळतो, अगदी शांत. एका दमात इतके गुण ऐकल्यावर मला जरा स्थळं बघायचे दिवस आठवले.

हे एफ१बी काय असतं? आणि ॲलर्जीचं खरं किती? घरात सासूबाई आहेत, गुडघे दुखतात त्यांचे, त्यामुळे ओढाताण करणारा धिप्पाड कुत्रा नकोय. प्रत्यक्ष पाळलेल्यांनी सांगा.

अर्धाकप

केस गळत नाहीत हे खरं आहे. ते अंगावरच राहतात आणि त्यांची गादी तयार होते. बाकीचं मफलरची आई सांगेलच, ती आत्ता टाईप करत असणार.

मफलरची_आई

करतच होते :) जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमचा मफलर म्हणजे कॉकर स्पॅनियल आणि मिनिएचर पूडलचा क्रॉस, कॉकापू. सात वर्षांचा आहे. जीव की प्राण आहे, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून वाटेल मला तो नकोसा झालाय.

आधी एफ१बी. लॅब आणि पूडलचं पिल्लू ते एफ१. त्या एफ१ची जोडी पुन्हा पूडलशीच लावली की एफ१बी, म्हणजे हिशेबानं बारा आणे पूडल. केस कमी गळायची शक्यता वाढते, एवढाच त्याचा अर्थ. तो काही हॉलमार्क नव्हे.

आता ॲलर्जी. ती केसांमुळे होतच नाही. कुत्र्याची लाळ आणि कातडीचा कोंडा यांतल्या प्रथिनांमुळे होते. त्यातल्या मुख्य प्रथिनाचं नाव कॅन एफ १. कुत्रा अंग चाटतो, लाळ केसांवर वाळते आणि घरभर उडते. २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी पूडल, लॅब्राडूडल वगैरे 'ॲलर्जी न करणाऱ्या' कुत्र्यांच्या केसांत हे प्रथिन मोजलं, तर ते इतर कुत्र्यांपेक्षा कमी नाही, उलट जास्तच निघालं. घरातल्या हवेतही फरक सापडला नाही. तरी एखाद्या माणसाला एखादा कुत्रा सोसतो, हेही खरंय. पण त्या माणसाला तो कुत्रा, जातीच्या नावाला नाही.

लॅब्राडूडलची जन्मकथाच बघा ना. ऑस्ट्रेलियात अंधांसाठी कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरन नावाचे गृहस्थ होते. हवाईतल्या एका अंध बाईंना वाटाड्या कुत्रा हवा होता आणि त्यांच्या नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी. (ओळखीचं वाटतंय का?) १९८९ मध्ये कॉनरननी लॅब आणि स्टँडर्ड, म्हणजे मोठ्या चणीच्या, पूडलची जोडी लावली, तीन पिल्लं झाली. त्यांचे केस आणि लाळ हवाईला पाठवून त्या नवऱ्यावर तपासली. तिघांतलं एकच त्याला चाललं! उरलेली दोन सांभाळायला संस्थेच्या यादीतलं कोणी तयार होईना, क्रॉस पिल्लू कोणाला हवंय, म्हणून 'लॅब्राडूडल' हे नाव काढलं आणि मग मागणी सुरू झाली. पुढे जो बाजार झाला तो बघून, आपण हे सुरू केलं याचा पस्तावा होतो, असं त्यांनी स्वतःच सांगितलंय.

आता केस, कारण माझं घोडं तिथे अडलं होतं. पिल्लाचे केस मऊ, बोटं फिरवली की झालं. साधारण सहा महिने ते वर्षाच्या आत मोठ्या कुत्र्याचे केस येऊ लागतात. जुने सुटतात, पण जमिनीवर पडत नाहीत, नव्या कुरळ्यांत अडकून बसतात. मी रोज ब्रश फिरवत होते आणि मफलर वरून जाहिरातीतल्यासारखा दिसत होता. एकदा तो चिखलात लोळून आला, मी आंघोळ घातली, टॉवेलनं खसाखसा पुसलं. दुसऱ्या दिवशी कानामागे हात घातला तर कातडीलगत नमदा! कानामागे, काखेत, पट्ट्याखाली, मांड्यांच्या आत. आधीचा गुंता भिजून आवळला होता. ग्रूमरनं एकदाच हात लावून बघितलं आणि म्हणाली, "हे सोडवणं म्हणजे त्याचे हाल आहेत, काढूया." मशीन फिरली आणि पाठीवरची लोकर अख्खी, गोधडी उचलावी तशी निघाली. खालून लालसर कातडीचा, उंदराएवढा वाटणारा कुत्रा बाहेर आला. लेक ओळखेना. मी घरी येऊन रडले.

तेव्हापासून भांग पाडते. म्हणजे अक्षरशः. कुशीवर झोपवायचं, डाव्या हातानं केस वर धरायचे, खालची कातडीची रेघ दिसली पाहिजे. त्या रेघेपासून थोडे थोडे केस खाली घेत ब्रश, आणि मग स्टीलची फणी मुळापासून टोकापर्यंत. फणी अडली की तिथे गाठ आहे. गाठ मुळाशी चिमटीत धरून टोकाकडून सोडवायची, लहान मुलीच्या केसांचा गुंता काढताना धरतो तशी, म्हणजे कातडी ओढली जात नाही. आठवड्यातून तीनदा, पाऊण तास. शिवाय दर सहा-आठ आठवड्यांनी कटिंग. आंघोळीच्या आधी फणी, नंतरही फणी. लोंबते केसाळ कान, आत हवा जात नाही, म्हणून दर आठवड्याला वास घेऊन बघायचा. आंबूस आला तर डॉक्टर.

दोन_भाऊ

केस गळतात की नाही, या भांडणाचा एक पुरावा माझ्याकडेही आहे. आमचा आणि माझ्या बहिणीचा, एकाच वेतातले लॅब्राडूडल. बहिणीचा मेंढरासारखा कुरळा, केस गळत नाहीत. आमच्याकडे दाढी आहे, बाकी लॅबसारखे सरळ केस आणि सोफ्यावर रोज मूठभर. दाढीमिशा, लांबी, कुरळेपणा यांची जनुकं वेगवेगळी, प्रत्येक पिल्लाला पत्ते पिसून वाटल्यासारखी मिळतात.

'शांत' या शब्दावरही विश्वास ठेवू नका. लॅब पाण्यातली शिकार आणणारा आणि पूडलही मुळात तोच, जर्मन भाषेत पाण्यात डुंबण्यावरूनच त्याचं नाव पडलंय. दोन कामकऱ्यांचं लेकरू, बुद्धी तल्लख, बसून काय करणार? आमच्यानं पहिल्या वर्षी दाराची चौकट कुरतडली. रोज दीड तास पळवायला लागलो, नाकानं वस्तू शोधायचे खेळ शिकवले, तेव्हा कुठे थंडावला. सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार करता स्टँडर्ड पूडलचा क्रॉस नको. त्याचं वजन पंचवीस किलोच्या वर सहज जातं.

शेवटचं_बाकडं

बापरे. ब्रीडरला काय विचारू मग?

मफलरची_आई

पिल्लाची आई प्रत्यक्ष दाखवा म्हणा, बाप कुठला पूडल, किती उंच ते विचारा. क्रॉस म्हणजे आपोआप निरोगी, हे ऐकून घेऊ नका. २०२४ मध्ये ब्रिटनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजनं कॉकापू, कॅव्हापू (कॅव्हालियर जातीचा कुत्रा आणि पूडल) आणि लॅब्राडूडलची त्यांच्या मूळ जातींशी तुलना केली, आजारपणात बहुतेक ठिकाणी काही फरकच नव्हता. म्हणून दोन्ही पालकांचे रिपोर्ट मागा. लॅब आणि स्टँडर्ड पूडल असतील तर खुब्याचा एक्स-रे. पूडल, लॅब, कॉकर तिघांतही डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणारा आनुवंशिक आजार आहे, त्याची डीएनए चाचणी होते. कॅव्हालियरचा क्रॉस असेल तर हृदयाची तपासणी. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू देतो म्हणाला तर फोन ठेवा. आणि तुमच्या नवऱ्याच्या डॉक्टरांना आधी विचारा, छातीत घरघर हा खेळ नाही.

शेवटचं_बाकडं

तीन आठवड्यांनी परत आले.
डॉक्टरांनी तपासणी केली, औषध जवळ ठेवून भेटून बघा म्हणाले. ओळखीतल्या एका मोठ्या कॉकापूकडे दोनदा गेलो. पहिल्यांदा तासभर गच्चीवर, नवरा ठणठणीत. लेकीनं तिथल्या तिथे नावं काढायला सुरुवात केली. दुसऱ्यांदा बंद खोलीत बसलो, कुत्र्यानं त्याचं मनगट चाटलं आणि वीस मिनिटांत तिथे गांधी उठल्या, डोळे चुरचुरले. ब्रीडरला हे सांगितलं तर म्हणाला, "तो एफ१ असेल, आमचा घ्या." पिल्लू घरी नेण्याआधी नवऱ्याला दोन-तीनदा भेटू द्याल का विचारलं, तर आगाऊ रक्कम भरल्याशिवाय नाही. तो विषय संपला.

लेक दोन दिवस बोलत नव्हती. मग तिनंच विचारलं, त्या कॉकापूच्या काकूंना हात दुखतो म्हणून फणी जड जाते, मी जाऊ का शनिवारी? तर आता दर शनिवारी जाते. परवा येताना फ्रॉकच्या खिशातून कुरळ्या केसांचा गोळा निघाला, नवऱ्यानं चिमट्यानं उचलून बाहेर टाकला. घरात शिरायच्या आधी तिनं कपडे बदलायचे, एवढं ठरलंय.

मफलरची_आई

फणी कुठली वापरते? दोन्हीकडे वेगवेगळ्या अंतराचे दात असलेली घ्या, आधी रुंद बाजू. आणि काखेतले केस तिला करू देऊ नका, तिथली कातडी फार पातळ असते.