सीईटीचे गणित : घड्याळ लावण्यापूर्वी

पहिल्या दिवसापासून घड्याळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवाव्यात, असा सल्ला सीईटीच्या विद्यार्थ्यांना दिला जातो; त्याच्याशी मी अंशतःच सहमत आहे. एमएचटी-सीईटी या महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षेच्या गणिताच्या पेपरात ९० मिनिटांत ५० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी १०८ सेकंद मिळतात. परंतु हा वेग रीत ओळखता येऊ लागल्यावरच येतो, आणि ती ओळख एकेका प्रकरणावर घड्याळाविना रेंगाळल्याशिवाय होत नाही.

डेफिनिट इंटिग्रेशनचे, म्हणजे ठरावीक मर्यादांमधल्या संकलनाचे, उदाहरण घ्या. साइन एक्सचे वर्गमूळ अंशस्थानी, साइन एक्स आणि कॉस एक्स यांच्या वर्गमुळांची बेरीज छेदस्थानी आणि मर्यादा शून्य ते पाय (π) भागिले दोन, असा प्रश्न सरळ सोडवायला घेतल्यास पानभर आकडेमोड होते. एक्सच्या जागी पाय भागिले दोन वजा एक्स घालून मूळ आणि नव्या रूपाची बेरीज केली, तर आतली राशी एक होते, बेरीज पाय भागिले दोन येते आणि तिच्या निम्मे, म्हणजे पाय भागिले चार, हे उत्तर मिळते. वर्गमुळाऐवजी घन दिला, किंवा अंश-छेदाला भागून तीच राशी टॅनच्या रूपात लिहिली, तरी उत्तर बदलत नाही. ही रूपांतरे विद्यार्थ्याने स्वतः करून पाहावीत, असे मला मनापासून वाटते.

या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नये, हे खरेच. मात्र सरावात अंदाजाने दिलेल्या उत्तरांवर वेगळी खूण करावी आणि ती बरोबर आली तरी पुन्हा पूर्ण सोडवावीत.