सबवूफर आहेत, ८० हर्ट्झच्या वरचं सगळं छोट्या खोक्यातून दणदणीत कसं काढायचं?

तळमजला_बास
हॉल १४ बाय ११ फूट, बसायची जागा स्पीकरपासून ३ मीटरवर. १२ इंची सीलबंद सबवूफर दोन आहेत, एव्हीआरमध्ये (होम थिएटरचा अँप) क्रॉसओव्हर, म्हणजे सब आणि स्पीकरमध्ये आवाज वाटून देणारी सीमा, ८० हर्ट्झ. डाव्या-उजव्या स्पीकरचा खोका आतून निव्वळ १२ लिटरच्या वर नको, आणि तो भिंतीला टेकूनच बसणार. बसल्या जागी एका चॅनेलकडून १०५ डीबीची शिखरं न फाटता यायला हवीत. साडेसहा इंची वूफर पुरेल की ८ इंची लागेल? पोर्ट (खोक्याला हवेची नळी) द्यावा का?

कोनमापक
पोर्ट अजिबात नको. बहुतेक एव्हीआर स्पीकरला १२ डीबी प्रति ऑक्टेव्हचा (फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की १२ डीबी घट) हाय-पास, म्हणजे खालचा भाग कापणारा फिल्टर, लावतात आणि सबला २४ चा लो-पास, वरचा भाग कापणारा. सीलबंद खोका ८० हर्ट्झला, क्यूटीसी (खोक्यातल्या वूफरचं डॅम्पिंग दाखवणारा आकडा) ०.७ वर बसवला की त्याचा स्वतःचा उतार १२ चा. दोन्ही मिळून २४ होतात आणि सबशी सांधा नीट जुळतो. पोर्टवाला खोका स्वतःच २४ ने उतरतो, हाय-पास धरून ३६. मग नेमकं ८० च्या आसपास फेज बिघडते आणि तिथे खड्डा पडतो.

आता आकार. खोलीत ३ मीटरवर ५-६ डीबी घट धरा (मोकळ्यावर साडेनऊ झाली असती). म्हणजे १ मीटरवर ११०.५ हवेत. क्रॉसओव्हरवर वूफर ६ डीबी खाली असतो, त्यामुळे ८० हर्ट्झला त्याच्या वाट्याला १०४.५ येतात. अशा सांध्यात कोनची झेप सर्वात जास्त ८० वरच असते. त्याच्या खाली ती कमी होत जाते. तेव्हा हिशेब तेवढ्या एका ठिकाणी केला तरी भागतं.

८ इंची, एसडी (कोनचं क्षेत्रफळ) २२० चौ. सेंमी, एक्समॅक्स (एका बाजूची कमाल झेप) ५ मिमी: भिंतीलगत ८० हर्ट्झला १ मीटरवर कमाल सुमारे १०५. जेमतेम, पण बसतं. साडेसहा इंची, एसडी १३५, एक्समॅक्स तेवढाच: १०१. साडेतीन डीबी कमी पडतात. क्रॉसओव्हर १०० वर नेलात तर जवळजवळ ४ डीबी परत मिळतात, पण मग आवाज सबच्या दिशेने येतोय हे कळायला लागतं. दोन्ही सब स्पीकरजवळच ठेवणार असाल तरच हे करा. जागा आहे तर ८ इंचीच घ्या.

तळमजला_बास
९४ डीबी सेन्सिटिव्हिटीचा (१ वॅटला १ मीटरवर मिळणारा आवाज) पीए, म्हणजे लाउडस्पीकर-मंडपातल्या प्रकारचा, ८ इंची बघतोय. एफएस (मोकळ्या वूफरची अनुनाद फ्रिक्वेन्सी) ६५, क्यूटीएस (त्याच्या डॅम्पिंगचा आकडा) ०.३३, व्हीएएस (त्याच्या सस्पेन्शनइतकीच लवचिक हवा) १५ लिटर. तो सीलबंद खोक्यात बासला कोरडा पडेल असं वाचलं.

कोनमापक
पडेलच, पण ते दुरुस्त होतं. १२ लिटरमध्ये एफसी (खोक्यातली अनुनाद फ्रिक्वेन्सी) ९७ आणि क्यूटीसी ०.५ येतो, ८० हर्ट्झला तो ८ डीबी खाली असेल, आपल्याला हवा ३ खाली. डीएसपीत (डिजिटल फिल्टरची पेटी) लिंकविट्झ ट्रान्सफॉर्म, म्हणजे खोक्याचा उतार बदलणारा फिल्टर, टाका: ९७/०.५ वरून ८०/०.७. ८० ला ५ डीबी उचल म्हणजे तिथे पॉवर तिप्पट, तरी हिशेब ७० वॅटच्या आसपास थांबतो. ४८ व्होल्टवर चालणारा ब्रिज्ड क्लास-डी अँप बोर्ड ८ ओहमला जास्तीत जास्त १४४ वॅट देतो, तो पुरे. पॅसिव्ह क्रॉसओव्हरने हे जमणार नाही. एव्हीआरला प्री-आउट (बाहेरच्या अँपसाठी सिग्नलची जागा) आहे ना ते आधी बघा.

शिंग_वाला
वरच्या भागाला साधा डोम ट्वीटर लावू नका. या पातळीला त्याची कॉइल तापते आणि आवाज दबतो. १ इंची कंप्रेशन ड्रायव्हर (हॉर्नमागे बसणारा ट्वीटर) घ्या, ९० अंशांत आवाज पसरवणाऱ्या ८ इंची वेव्हगाइडवर, म्हणजे हॉर्नवर. ८ इंची कोनचा परिणामी व्यास १७ सेंमी, त्याचा आवाज २ किलोहर्ट्झला स्वतःच ९० अंशांपर्यंत अरुंद होतो. म्हणून १.६ किलोहर्ट्झला २४ डीबीचा क्रॉसओव्हर ठेवा; निवडलेला ड्रायव्हर तिथे चालतो का ते डेटाशीटवर तपासा. दोन्हींची केंद्रं २१ सेंमीवर येतील, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीची एक तरंगलांबी. यापेक्षा लांब नकोत.

नवखे दोन ठिकाणी हमखास फसतात. ड्रायव्हरला थेट अँप जोडतात. चालू करतानाचा एक ठोका डायफ्रॅम घेऊन जातो. ४७ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर सिरीजमध्ये घाला, ८ ओहमला तो ४२० हर्ट्झच्या खालचं अडवतो आणि डीसी पूर्ण. दुसरं म्हणजे हिस. हॉर्नची सेन्सिटिव्हिटी वूफरपेक्षा १२-१५ डीबी जास्त. ती सगळी डीएसपीत कमी केली तर अँपची सरसर तशीच राहते आणि ३ मीटरवरही ऐकू येते. १० डीबी एल-पॅडने (दोन रेझिस्टरची जोडी) ड्रायव्हरपाशीच उतरवा, उरलेलं डीएसपीत. पॅड कपॅसिटरच्या पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला. ४ किलोहर्ट्झच्या वर आवाज उतरत जातो, तो इक्वलायझरने उचलावा लागतो. हा दोष नाही, अशा वेव्हगाइडचा स्वभाव आहे.

रंधा_आणि_सरस
खोका १९ मिमी मरीन प्लायचा करा. एमडीएफ पावसाळ्यात कडांना फुगतो आणि स्क्रू धरत नाही. बाहेरून २४ रुंद, ४४ उंच, २२.५ सेंमी खोल: आत सुमारे १५ लिटर. त्यातून वूफर, हॉर्न आणि आडवी पट्टी यांचे ३ लिटर वजा करा. वूफर आणि हॉर्नच्या मधोमध आडवी पट्टी हवीच. वूफरला टी-नट (प्लायमध्ये ठोकायचं आट्यांचं नट), लाकडी स्क्रू नको. आत उशीतला पॉलिएस्टर कापूस सैलसर भरा, कोनला चिकटू देऊ नका.

गळती तपासायला बोटांनी कोन सारख्या दाबाने आत ढकलून धरा. हवेचा विरोध टिकून राहिला तर ठीक. तो ओसरून कोन आणखी आत सरकत गेला तर टर्मिनलची (वायर जोडायची) वाटी किंवा गॅस्केट बघा, बहुतेकदा वाटीच असते.

कोनमापक
शेवटी सबशी जुळवणी. एव्हीआरचं ऑटो सेटअप स्पीकरला ‘लार्ज’ (सगळा बास त्यालाच) किंवा ४०-६० हर्ट्झ ठरवून मोकळं होतं, ते हाताने ‘स्मॉल’, ८० करा. मग सबची पोलॅरिटी (+/- ची दिशा) उलटी करा, मायक्रोफोन बसायच्या जागी ठेवा आणि ८० हर्ट्झचा खड्डा सर्वात खोल होईपर्यंत एव्हीआरमधलं सबचं डिस्टन्स (अंतराची सेटिंग) बदलत राहा. सापडला की पोलॅरिटी सरळ.