मदत हवी आहे: प्रकाशावर चालणाऱ्या पोर्टेबल सॅम्पल तपासणी यंत्राला पेटंट मिळेल का?

तांबडा_रस्सा (सोमवार, रात्री ११:४०)

मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. हातात मावेल असं एक यंत्र केलंय. सॅम्पल टाकायचं, त्यातून प्रकाश जातो, पलीकडे सेन्सर वाचतो, तीन मिनिटांत आकडा. बॅटरीवर चालतं. याला पेटंट मिळेल का? हो की नाही एवढंच सांगा. पुढच्या आठवड्यात कृषी प्रदर्शनात स्टॉल घेतलाय, बोर्डावर 'पेटंट पेंडिंग' छापायचंय आणि बोर्डवाला शुक्रवारपर्यंत मजकूर मागतोय. गूगलवर शोधलं, असं काही दिसलं नाही.

सोल्डरिंग_गन (११:५२)

कशाचं सॅम्पल? माती, पाणी, रक्त, रस्सा? कुठली वेव्हलेंग्थ? सेन्सर कोणता? "प्रकाश जातो आणि सेन्सर वाचतो" याला कलरीमीटर म्हणतात, तो आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये धूळ खात पडलेला असायचा.

तांबडा_रस्सा (मंगळवार, १२:०३)

सॅम्पल कशाचं ते सांगत नाही, कुणी ढापलं तर? सेन्सर एएस७३४१. पोर्टेबल आहे हेच तर नवीन आहे.

खडूफळा (सकाळी ६:१५)

पोर्टेबल असणं नवीन नाही हो. कंझ्युमर फिजिक्स या इस्रायली कंपनीने खिशात मावणारा, प्रकाशाने पदार्थ तपासणारा 'स्किओ' २०१४ साली किकस्टार्टरवर आणला होता. डीव्हीडीचा तुकडा प्रकाशाचे रंग वेगळे करणारी जाळी म्हणून वापरून पुठ्ठ्याचा स्पेक्ट्रोमीटर शाळेतली पोरं करतात. पेटंटांच्या वर्गीकरणात हातात धरायच्या प्रकाशीय उपकरणांसाठी वेगळा कोड आहे, यावरून काय ते समजा. द्रव किती प्रकाश शोषतो ते सांगणारा बेअर-लॅम्बर्टचा नियम तर माझ्या आजोबांपेक्षा म्हातारा. निवृत्त आहे, वेळ आहे, आकृती टाका, बघून सांगतो.

म्युनिकवासी (सकाळी ९:३०)

भारतात कशाला करताय? इथे जर्मनीत गेब्राउख्समुस्टर म्हणून छोटं पेटंट मिळतं. नवेपणाची तपासणी न करताच नोंदतात, दहा वर्षं चालतं. मी स्वतः एका पंपाच्या भागासाठी केलंय, सुटसुटीत काम.

दावेदार (सकाळी १०:०५)

म्युनिकवासी, भारतात राहणाऱ्याने आधी बाहेर अर्ज करायचा तर पेटंट कायद्याच्या कलम ३९ खाली परवानगी लागते. नाहीतर इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं. आणि आपल्याकडे 'छोटं पेटंट' हा प्रकारच नाही. धागाकर्त्याला भलत्या वाटेला लावू नका.

रस्सासाहेब, मी पेटंटचंच काम करतो म्हणून आधी बोर्डाचं सांगतो. अर्ज न करता 'पेटंट पेंडिंग' छापणं हा कलम १२० चा मामला आहे, दंड दहा लाखांपर्यंत जाऊ शकतो. बोर्डवाल्याला थांबवा.

आता तुमचा 'हो की नाही'. तसं उत्तर नसतं. तीन गोष्टी बघतात: नवं आहे का, त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचलं असतं का, आणि उद्योगात वापरता येतं का. तिसरीत तुम्ही पास. शिवाय कलम ३ ची चाळणी आहेच. माहीत असलेले सुटे भाग नुसते शेजारी शेजारी बसवले आणि प्रत्येक जण आपापलं जुनंच काम करत राहिला, तर ३(एफ) खाली बाद. नुसतं गणित किंवा सॉफ्टवेअर असेल तर ३(के). सॅम्पल रक्त-लघवीचं असेल तर निदानाची पद्धत ३(आय) मध्ये अडकते, यंत्र मात्र अडकत नाही. म्हणून विचारतोय, सॅम्पल कशाचं? दुधाचं किंवा मातीचं एवढं सांगितल्याने काही चोरीला जात नाही. आणि नोकरी काय करता?

चहा_कमी_साखर (१०:२०)

दुधाचं असेल तर सोपं आहे. गुळगुळीत उतरत्या फरशीवर थेंब सोडायचा, शुद्ध दूध मागे पांढरी रेघ ठेवतं. स्टार्चसाठी दूध उकळून गार करायचं आणि आयोडीनचे दोन थेंब टाकायचे, निळं झालं तर भेसळ. यंत्र कशाला?

तांबडा_रस्सा (दुपारी १:४५)

बरं, दूधच आहे. युरिया. संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) मशीन दाखवतं, पण युरिया घालून एसएनएफ चढवलेलं दूध त्यात बिनबोभाट पास होतं. डीएमएबी हे रसायन घातलं की पिवळा रंग येतो हे जुनंच आहे. पण डोळ्याने फक्त 'पिवळसर' कळतं.

गोठा_नं_१ (२:१०)

पिवळसर तर चांगल्या दुधालाही येतं. युरिया दुधात मुळातच असतो, एफएसएसएआयची मर्यादा ७०० पीपीएम (दहा लाख भागांत ७००) आहे. आमच्या म्हशींना सरकी पेंड जास्त झाली की वाढतो, आणि केंद्रावर पोरगं कपाळाला आठ्या घालून बघतं, जणू आम्ही पोतंच ओतलंय. आकडा दाखवत असेल तर मी पहिला घेईन. किती रुपये?

सोल्डरिंग_गन (२:३०)

पण लॅबमध्ये आधी ॲसिड टाकून प्रथिनं बसवतात, गाळतात, मग ४२० नॅनोमीटरच्या आसपास वाचतात. तुम्ही गाळता का? नाही गाळलं तर फॅटमुळे प्रकाश विखुरतो, तुमचा आकडा म्हणजे मटका. दुसरी एक तरंगलांबी वाचून वजा करत असाल तर तेही जुनंच. हॉस्पिटलातले ॲनालायझर वर्षानुवर्षं करतायत.

तांबडा_रस्सा (३:०५)

केंद्रावर पहाटे पाचला रांगेत शंभर किटल्या असतात, तिथे कोण गाळत बसणार! दोन तरंगलांब्या वाचतोच. खरा त्रास वेगळा होता. डीएमएबीच्या रिएजंटने दूध थोडं फाटतं आणि काचेवर थर बसतो. दहा सॅम्पलांनंतर आकडे भरकटायला लागले. मग आमच्या लेथवाल्या काकांनी उद्यमनगरात झाकण बदलून दिलं. आता काच पुसली जाते आणि त्याच हालचालीत दोन काचांमधलं अंतरही बदलतं, म्हणजे एकाच सॅम्पलची दोन रीडिंग मिळतात. पण ते झाकण म्हणजे किरकोळ हो. मुद्दा सेन्सरचा आणि ॲपचा आहे. त्याला मिळेल का?

दावेदार (३:११)

थांबा!! आता आणखी एक अक्षर लिहू नका.

सेन्सर विकतचा आहे, ॲप ३(के) च्या तोंडाशी, रसायन जुनं. किरकोळ म्हणताय ते झाकणच तुमच्या हातात आहे, आणि त्यातली अर्धी गोष्ट तुम्ही आत्ताच चारचौघांत सांगितलीत. आपल्याकडे अर्जाच्या आधी स्वतःहून जाहीर केलेलं स्वतःवरच उलटतं. पुसणं आणि अंतर बदलणं एका हालचालीत, ही कल्पना आता उघडी झाली. ते झाकण *कसं* घडवलंय हे अजून सांगितलेलं नाही, त्यावर दावा उभा राहू शकेल.

खडूफळा (४:००)

दावेदार उगाच घाबरवतात. ज्ञान वाटल्याने वाढतं. मला मात्र एक शंका आहे. दोन अंतरांवर वाचून वजाबाकी केली की काचेवरच्या थराचा परिणाम निघून जातो, हे बरोबर, पण थर दोन्ही वेळा सारखा असेल तरच! तुम्ही दोन रीडिंगच्या मधे काच पुसलीत तर थर बदलला, मग वजाबाकी चुकली. आकृती टाका.

तांबडा_रस्सा (४:२०)

सर, अगदी तोच घोळ पहिल्या मॉडेलमध्ये होता! काकांनी सोडवला. कसा ते आता सांगत नाही, दावेदार ओरडतील.

दावेदार (४:३२)

खडूफळा सर, वाद घालायला आलात आणि कामाचं बोलून गेलात. पुसणं आणि अंतर बदलणं यांचा एकमेकांशी संबंध नसता तर पेटंट ऑफिसचा परीक्षक ३(एफ) लावून मोकळा झाला असता: वायपर जुना, अंतर बदलणं जुनं, दोन्ही एका डबीत घातलं, घरी जा. पण एकामुळे दुसऱ्याची वजाबाकी बरोबर येत असेल, तर ते भाग एकत्र काम करतायत. अर्जात हेच आकड्यांनिशी दाखवायचं. थर बसू दिल्यावर किती भरकटतं, झाकणाने किती, शंभर सॅम्पलांचा तक्ता.

तरी आधी शोध घ्या. गूगलवर 'मिल्क टेस्टर' टाकणं म्हणजे शोध नव्हे. एस्पेसनेट आणि आपल्या पेटंट ऑफिसचं इनपास ही पेटंट शोधायची संकेतस्थळं उघडा, जी०१एन २१/३१ आणि दुधासाठी जी०१एन ३३/०४ या वर्गांत बघा. दूध सोडून इतर ठिकाणीही बघा. सांडपाण्याच्या मीटरमध्ये स्वतःची काच पुसणारे वायपर असतात, परीक्षक तिकडूनच दगड आणून मारतो.

आणि लेथवरून आठवलं. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज, सुप्रीम कोर्ट, १९७८. भांडी लेथवर धरायच्या युक्तीचं पेटंट होतं, ते रद्द झालं. कसलेल्या कारागिराने जाता जाता केली असती एवढी सुधारणा पुरत नाही. तुमच्या काकांचं झाकण त्या रेषेच्या अलीकडे की पलीकडे, हाच तुमचा खरा प्रश्न आहे. पलीकडे आहे असं मला वाटतं, पण रचना न बघता छातीठोक सांगणार नाही. व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.

सोल्डरिंग_गन (५:१५)

माझा अनुभव: पेटंटच्या भानगडीत पडू नका. मी एका सर्किटसाठी अर्ज केला, वकिलाने पन्नास हजार घेतले, तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत तो चिपच बाजारात मिळेनासा झाला. आधी विका. सगळ्या आतल्या भागावर इपॉक्सी ओता.

गोठा_नं_१ (५:२०)

झाकणावर इपॉक्सी ओतून काच कशी पुसणार?

दावेदार (६:००)

सोल्डरिंग, हे यंत्र एका स्क्रूड्रायव्हरने उघडतं. गुपित ठेवायला ते काय मसाला आहे? आणि सुरुवातीला खर्च एवढा नाही. एकट्या माणसाला ऑनलाइन प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक अर्जाची सरकारी फी १६०० रुपये. त्यानंतर बारा महिन्यांत संपूर्ण अर्ज भरायचा, आणि तपासणीची विनंती पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३१ महिन्यांत, तिचे ४००० वेगळे. प्रोव्हिजनल म्हणजे दोन ओळी खरडणं नव्हे हं. झाकणाची रचना, मापं, दोन-तीन पर्यायी घडणी सगळं त्यात यायला हवं, नाहीतर ती तारीख कामाची नाही.

रस्सासाहेब, दोन उत्तरं राहिली. नोकरी? आणि हे यंत्र आजवर कुठे कुठे दाखवलं?

तांबडा_रस्सा (रात्री ९:५०)

दोन केंद्रांवर दीड महिना ठेवलं होतं चाचणीला. पैसे घेतले नाहीत. एक व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरला, पण त्यात डबी बंदच आहे, फक्त आकडा दिसतो. आणि मी दूध तपासायच्या मशीनच्या सर्व्हिसिंगला आहे एका कंपनीत. त्याचा काय संबंध? हे मी रविवारी घरी केलंय.

प्रदर्शनाला सूट असते असं एक जण म्हणाला?

दावेदार (१०:२५)

संबंध नाही?! नेमणुकीचं पत्र काढा. नोकरदाराचा शोध कोणाचा हे आपल्याकडे कायदा परस्पर ठरवत नाही, करार ठरवतो. "कंपनीच्या व्यवसायाशी संबंधित शोध कंपनीचे" असं एक वाक्य त्यात असलं तर तुमचा रविवार उपयोगाचा नाही.

चाचणीचं: वर्षभराच्या आतली, खरोखर चाचणीपुरती आणि चारचौघांत केल्याशिवाय होणारच नव्हती अशी असेल, तर कलम ३२ सांभाळून घेतं. पहाटेची रांग घरी आणता येत नाही, तेव्हा मांडता येईल. व्हिडिओत आतलं दिसत नसेल तर फार काळजी नको. प्रदर्शनाची सूट कलम ३१ मध्ये आहे, पण केंद्र सरकारने राजपत्रात नाव दिलेल्या प्रदर्शनांनाच. तालुक्याच्या कृषी प्रदर्शनाचं नाव तिथे सापडलं तर मला कळवा, चहा माझ्याकडून.

आणि झाकण काकांनी सुचवलं की तुम्ही सांगितलं तसं त्यांनी फक्त वळलं?

तांबडा_रस्सा (१०:४०)

मी नुसतं "काच घाण होते काका" म्हणालो. बाकी सगळं त्यांचं.

दावेदार (१०:४४)

मग शोधक म्हणून त्यांचं नाव अर्जाच्या फॉर्म १ मध्ये गेलंच पाहिजे. तुमचं सेन्सर आणि दोन रीडिंगच्या हिशोबापुरतं. त्यांना वगळून अर्ज केलात तर उद्या कोणीही त्याच मुद्द्यावर पेटंट पाडेल.

म्युनिकवासी (११:३०)

जर्मनीत गेब्राउख्समुस्टरला अर्जाआधी सहा महिन्यांची सवलत आहे, स्वतः जाहीर केलेलंही चालतं. सांगून ठेवतो.

चहा_कमी_साखर (११:३४)

उद्यमनगरात पुरणयंत्राची जाळी करून देणारं कोणी आहे का?

तांबडा_रस्सा (शुक्रवार, दुपारी १२:१०)

अपडेट. दावेदारांशी फोनवर बोललो, तीन रात्री बसून आकृत्या काढल्या, काल रात्री प्रोव्हिजनल गेला. शोधात अमेरिकेतलं एक पाण्याच्या मीटरचं पेटंट सापडलं, त्यात वायपर आहे पण अंतर बदलत नाही. जीव भांड्यात पडला. काका आणि मी दोघं अर्जदार. त्यांना म्हटलं, काका, तुमचं नाव लागणार. ते म्हणाले, नाव लाव, पण आधी मागच्या दोन झाकणांचं बिल दे.

नेमणुकीचं पत्र सापडत नाहीये. स्टॉलवर आता झाकण उघडून दाखवलं तर चालेल का?

दावेदार (१२:३०)

अर्जात जे लिहिलंय तेवढं दाखवा. त्यानंतर काही नवं सुचलं असेल तर ते घरी ठेवा. बिल आजच द्या. आणि पत्र *शोधा*, एचआरकडे मागू नका लगेच, आधी ईमेलमध्ये बघा.

गोठा_नं_१ (१२:४१)

स्टॉल नंबर किती? दूध घेऊन येतो. म्हशीचं.